दिवसातून चार वेळा

बाळाजीने पंखा दोनवर आणला, टीव्हीचा आवाज बंद केला आणि घसा खाकरला. म्हणजे सभा सुरू झाली. खैरनारांच्या घरात भांडणंसुद्धा अध्यक्ष नेमल्याशिवाय होत नसत, आणि अण्णा गेल्यापासून ते पद मोठ्या मुलाकडे आपसूक आलं होतं. सोसायटीचा सेक्रेटरी असल्यामुळे त्याला सरावही दांडगा होता.

विमलाबाईंना खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसवलं होतं. तिथून खोलीतली सगळी माणसं दिसायला हवी होती. सोफ्यावर बाळाजी आणि थोरली सून शैला, ज्यांचं हे नाशिकचं घर. समोरच्या दिवाणावर धाकटा अमोल आणि त्याची बायको रोशनी, पिंपळगावहून मोटारसायकलवर आलेले. दाराशी खुर्ची ओढून लेक यशश्री, इगतपुरीहून सकाळच्या गाडीने आलेली, पर्स अजून खांद्यावरच. पण विमलाबाईंना एका वेळी एकच माणूस दिसत होतं. बाळाजीकडे पाहिलं की शेजारची शैला नाहीशी व्हायची, शैलाकडे पाहिलं की बाळाजी. डावा डोळा आता उजेड आहे की अंधार एवढंच सांगत होता. उजव्यातून मधला एक तुकडा दिसे, भोवती सगळं मिटलेलं.

गौरी जेवल्या त्या दिवशी आरतीचं ताट घेऊन त्या सरळ दाराच्या चौकटीवर आदळल्या, तेव्हा घराला पहिल्यांदा कळलं. त्याआधीचे दोन-तीन महिने त्या भिंतीला हात लावून चालत होत्या, ते सगळ्यांनी गुडघ्यांवर ढकललं होतं.

"डॉक्टर काय म्हणाले ते सगळ्यांसमोर एकदा नीट सांगतो," बाळाजी म्हणाला. "मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं उत्तम झाली आहेत. भिंगं जागेवर आहेत. बिघडलंय ते नंतर. सूज उतरायला जे थेंब दिले होते ना, ते स्टिरॉइडचे. ते कमी कमी करत आणायचे आणि महिना-दीड महिन्यात बंद करायचे. आपल्याकडे ते पुढेही चालू राहिले. होळी झाली, गणपती आले, थेंब चालूच. त्यानं डोळ्यातलं प्रेशर वाढत गेलं आणि आतली नस सुकली."

"सगळ्यांना होतं असं?" अमोलने विचारलं.

"सगळ्यांना नाही. काहींना होतं. म्हणून तर अधूनमधून दाखवायला बोलावतात. आपण कोणीही दाखवलं नाही."

"आणि आता?" यशश्री म्हणाली.

"गेली ती नजर येत नाही. आहे ती टिकवायची. त्यासाठी नवे थेंब, प्रेशर उतरवायचे. सकाळ-संध्याकाळ. जन्मभर."

यशश्रीने "आई गं" म्हणून पदरासारखी ओढणी तोंडाला लावली. शैला खाली बघत राहिली. विमलाबाईंना हे सगळं डॉक्टरांच्या तोंडून आधीच कळलेलं होतं. पण खरी भीती वेगळीच होती, आणि ती नजरेची नव्हती. आता हा विचारणार, थेंब चालू कोणी ठेवले? आणि त्याचं उत्तर या खोलीत फक्त तिघींना ठाऊक होतं. एक रोशनी, एक यशश्री आणि एक त्या स्वतः.

अण्णांच्या तेराव्याला आईची व्यवस्था ठरली, ती अजून मोडली नव्हती. तिघांकडे आळीपाळीने, तीन-चार महिने एकेकाकडे. लेकीकडे राहायचं नाही वगैरे जुन्या गोष्टी यशश्रीने उडवून लावल्या आणि आपला वाटा भांडून घेतला. व्यवस्था वाईट नव्हती. आईला कोणी वाऱ्यावर सोडलं नव्हतं, उलट एकमेकांवर कडी करायची चढाओढ होती. आई ज्या घरातून निघे त्या घराची जणू परीक्षाच असे. निघायच्या आदल्या दिवशी डोक्याला तेल, नखं कापलेली, नवं ब्लाऊज, पिशवीत लाडवांचा डबा. आणि ज्या घरी जाई तिथली सून तिला दारातच वरपासून खालपर्यंत निरखून घेई. "आई वाळल्या हो थोड्या," एवढं एक वाक्य शैलाच्या तोंडून निघालं, तर रोशनीला ते पुढचे तीन महिने पुरत असे. आईच्या पायाला सूज, आईच्या अंगावर पुरळ, आईच्या डोळ्यांत लाली, हे आपल्या घरातून निघताना दिसता कामा नये, एवढं दोघी जावांना आणि लेकीला पक्कं ठाऊक होतं.

"माझ्याकडून सुरुवात करते," शैला म्हणाली. "ऑपरेशनं माझ्याकडे असताना झाली. पहिल्या आठवड्यात सहा वेळा, मग चार, मग तीन, दोन, एक. एक दिवस चुकवला नाही मी. ऑफिसात रजा टाकल्या. शेवटचा थेंब घातला आणि बंद केलं. संक्रांत झाल्यावर आई पिंपळगावला गेल्या तेव्हा थेंब बंद होते. हे मी कुठेही सांगेन."

"मग बाटली पिशवीत कशी होती?" रोशनी म्हणाली.

"औषधांच्या डब्यात राहिली असेल. उरलेलं औषध मी टाकत नाही."

"टाकलं असतं तर बरं झालं असतं, ताई."

"म्हणजे माझंच चुकलं?"

बाळाजीने हात वर केला. "एकेक जण. रोशनी, तुझ्याकडे आल्यावर काय झालं ते सांग. सरळ सांग."

विमलाबाईंनी मान वळवली आणि रोशनी त्यांच्या नजरेच्या तुकड्यात आली. गोल चेहरा, उन्हाने रापलेला. द्राक्षांच्या हंगामात ती पॅकहाउसला जायची, माल निवडायला. ही बाई दुपारच्या सुट्टीत डबा न खाता घरी धावत यायची, हात धुवायची, आणि त्यांची हनुवटी वर उचलायची. हात कितीही धुतले तरी द्राक्षांचा वास येई.

"बाटली दिसली म्हणून मी इचारलं आईंना," रोशनी म्हणाली. "हे किती वेळा घालायचं म्हणून. आई म्हणाल्या, चार वेळा."

"आई म्हणाली?" बाळाजी म्हणाला.

"हा. चार वेळा. आन् घातल्यावर पाच मिनिटं डोळे मिटून बसावं लागतं, तेवढा वेळ बाजूला कोणीतरी लागतं, असं पण म्हणाल्या."

"बाजूला कशाला?" शैला एकदम म्हणाली. "दोन बाटल्या होत्या तेव्हा एक घातल्यावर दुसरीसाठी पाच मिनिटं थांबावं लागायचं. एकाच बाटलीला कसलं थांबणं? आणि बाजूला बसायचं असं डॉक्टरांनी सांगितलंच नव्हतं. उगीच काहीतरी नको सांगूस."

"मी कशाला उगीच सांगू? लय काम टाकून बसायची मी तिथं."

"रोशनी," अमोल खालच्या आवाजात म्हणाला, "आईवर ढकलू नको."

"ढकलत नाय मी. झालं ते सांगते."

"अगं, पंचाहत्तरीची बाई. तिला आठवलं ते तिने सांगितलं असेल. तू एक फोन करायचास ना वहिनीला!"

रोशनीने नवऱ्याकडे पाहिलं. "फोन केला असता तर त्या म्हणाल्या असत्या, एवढं पण कळत नाय का? मागच्या वेळी पथ्याचं इचारलं होतं तर काय ऐकवलं होतं, आठवतंय ना तुम्हाला? तुम्हीच म्हणाले होते, परत फोन करू नको."

शैलाने मान फिरवली. एवढ्यात यशश्री मध्ये पडली, आणि विमलाबाईंनी मनात देवाचं नाव घेतलं, कारण लेकीचा तोंडाळ स्वभाव त्यांच्याच पोटातून आलेला होता.

"मला एक सांगा," यशश्री म्हणाली. "बाटली संपल्यावर नवी आणली कोणी? डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय?"

"आम्ही आणली," रोशनी म्हणाली. "रिकामी दाखवली, दुकानदारानं दिली. आन् तुम्ही पण आणलीच की यशूताई. आखाजीला, ऐन उन्हाळ्यात, आई तुमच्याकडे आल्या, त्या चार महिने राहिल्या. तेवढे दिवस काय एक बाटली पुरली?"

यशश्रीचा चेहरा लाल झाला. "आणली. कारण तू पाठवलेल्या पिशवीत बाटली होती, आणि तूच फोनवर मला चार वेळा म्हणून सांगितलंस."

"मी?"

"तूच."

रोशनीने असं काहीही सांगितलं नव्हतं. विमलाबाईंना ते पक्कं माहीत होतं. इगतपुरीच्या त्या क्वार्टरच्या खोलीत, बॅग उघडताना, यशश्रीने बाटली हातात धरून "आई, हे अजून चालू आहे?" म्हणून विचारलं होतं आणि त्यांनीच "हो, चार वेळा" म्हटलं होतं. आपली पोर धडधडीत खोटं बोलते आहे हे ऐकून त्यांना राग आला नाही. ती घाबरली आहे एवढंच त्यांना समजलं, आणि तिच्याबद्दल फार वाईट वाटलं.

"बघा," शैला म्हणाली. "म्हणजे सुरुवात पिंपळगावलाच झाली."

"अन् तिकडे चार महिने धुकं दिसतं म्हणत होत्या आई, तेव्हा नाय नेलं कोणी डॉक्टरकडे?" रोशनीचा आवाज चढला.

"इगतपुरीत पावसाळ्यात सगळ्यांनाच धुकं दिसतं!" यशश्री ओरडली आणि रडायला लागली. "आई खिडकीत बसून म्हणायची, आज काहीच दिसत नाही. मी म्हणायचे, अगं, मलाही नाही दिसत, समोरची बिल्डिंग दिसत नाही. दिव्याभोवती रंगीत गोल दिसतात म्हणायची, तर आम्ही म्हटलं, पावसाचं असेल. मला काय माहीत? मला काय माहीत होतं गं?"

कोणीही तिला गप्प केलं नाही. शैलाचाही आवाज थोडा खाली आला. "दाखवायला न्यायला हवं होतं. पण ते नाशिकलाच दाखवायचं, म्हणजे आम्हीच नेणार, असं सगळ्यांनी धरून चाललं असणार. आणि आम्हाला वाटलं, तुमच्याकडे आहेत तर तुम्ही आणाल."

"म्हणजे तुमचं काय चुकलंच नाय," रोशनी म्हणाली.

"रोशनी, पुरे!" अमोल उठून उभा राहिला. "दादा, मी सांगतो. चूक आमच्या घरातून झाली. हिने विचारलं नाही, हिने सुरू केलं. मी घरात असून लक्ष दिलं नाही, ते माझंही चुकलं. पण आईचं नाव पुढे करून हात वर करायचे, हे मला चालणार नाही. आईची माफी माग."

रोशनी बसल्या जागी ताठ झाली. "मागणार नाय. मी खोटं बोलले नाय."

"माफी माग म्हणतो ना!"

विमलाबाई खुर्चीत पुढे सरकल्या. बोलायला हवं होतं. आत्ता, या क्षणी. पण बोलायचं कसं? त्यात लाजेचं काय नव्हतं?

मागच्या कार्तिकात, पहिल्या डोळ्याची पट्टी सुटली, तेव्हा शैलाने त्यांची हनुवटी धरून तोंड वर केलं होतं. "वर बघा, आई." मग एका बोटाने खालची पापणी हलकेच ओढली, आणि थंडगार थेंब पडला. शैला या घरात येऊन सत्तावीस वर्षं झाली होती. सणावाराला ती वाकून पायांना हात लावायची, बाकी सासूचं अंग आणि तिचं अंग कधी एकमेकांना लागलं नव्हतं. भांडण होतं म्हणून नव्हे. तशी पद्धतच नव्हती. आणि आता ही दिवसातून सहा वेळा समोर बसून तोंड धरत होती, कापसाने गाल पुसत होती. पुढच्या बाटलीसाठी पाच मिनिटं थांबायचं, तर ती उठून जाणार कुठे? बाजूला बसायची. सासू डोळे मिटून बसलेली, त्यामुळे शैलाला बोलायला सोपं जाई. ऑफिसातल्या साहेबाबद्दल बोलायची. तिच्या आईच्या शेवटच्या आजारपणाबद्दल बोलायची, ज्याबद्दल ती इतक्या वर्षांत चकार शब्द बोलली नव्हती. एकदा तर बोलता बोलता रडली, आणि विमलाबाईंनी डोळे मिटलेल्या अवस्थेतच हात पुढे करून चाचपून तिचा हात धरला होता.

मग सहाचे चार झाले. चाराचे तीन झाले. दुसरी बाटली संपली, तशी पाच मिनिटंही गेली. ज्या दिवशी शेवटचा थेंब घातला त्या दिवशी शैला उठता उठता म्हणाली, "सुटलो बाई एकदाचे!" तिचं काही चुकलं नव्हतं. पण विमलाबाईंना रात्री झोप आली नाही. नवऱ्याच्या मागे इतकी वर्षं एकटीने काढलेल्या बाईला तेव्हा समजलं की आपल्या अंगाला माणसाच्या हाताची किती भूक होती. सगळे त्यांना जेवायला घालत होते, औषधं देत होते, "आई, हवं-नको सांगा" म्हणत होते. पण "माझ्याजवळ बस आणि माझ्या तोंडावरून हात फिरव" असं कोणाला सांगायचं? लेकरांनासुद्धा सांगता येत नाही. आणि पिंपळगावला रोशनीने बाटली हातात धरून "किती वेळा?" म्हणून विचारलं, तेव्हा तोंडातून आपोआप निघून गेलं. चार वेळा. पाच मिनिटांचंही त्यांनीच पुढे जोडलं.

यात डोळे जातील हे त्यांना कुठे माहीत होतं? औषध होतं, विष नव्हतं. जास्त झालं तर काय होणार, असं त्यांना वाटलं.

"माफी माग, नाहीतर तू इथून माझ्याबरोबर घरी येऊ नकोस," अमोल म्हणत होता.

"रोशनी खरं बोली ऱ्हायनी," विमलाबाई म्हणाल्या.

नामपूरच्या माहेराची बोली त्यांच्या तोंडात क्वचितच येई, आणि आली की मुलांना समजे की आईने काहीतरी मनापासून सांगायचं ठरवलं आहे. विमलाबाईंनी ओठ ओले केले आणि पुन्हा नीट, सगळ्यांना समजेल असं सांगितलं.

"ती खरं बोलते. तिला चार वेळा मी सांगितलं. यशूलाही मीच सांगितलं. रोशनीने फोन केला नव्हता."

यशश्रीने मान खाली घातली.

"आई, तुझा गोंधळ झाला असेल," बाळाजी म्हणाला.

"गोंधळ नाही झाला. शैलानं बंद केले होते. मला माहीत होतं बंद केले होते. माहीत असून सांगितलं."

हे बोलून त्या थांबल्या. आता कोणीतरी विचारेल, असं त्यांना वाटत होतं. का गं आई? का हो आई? एकाने जरी विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं असतं. लाज बाजूला ठेवून, पोरांसमोर, सुनांसमोर, सगळं सांगून टाकलं असतं. त्यांच्या छातीत ते शब्द तयार होऊन बसले होते. त्या वाट बघत राहिल्या.

बाळाजीने मोठा श्वास सोडला. "चला," तो म्हणाला, "म्हणजे कोणाचीच चूक नाही."

आणि विमलाबाईंना दिसत नव्हतं तरी ऐकू आलं, की सगळ्यांनीच श्वास सोडला. सोफ्याची स्प्रिंग वाजली. अमोल खाली बसला. "वयच आहे तिचं," तो हळूच म्हणाला. "आमच्या पॅकहाउसच्या मालकांची आई, तीही अशीच. औषध घेतलं तरी घेतलं नाही म्हणते."

"कोणाला दोष देण्यात अर्थ नाही," शैला म्हणाली. "आईंना काय सांगायचं? त्यांच्या लक्षात राहिलं नसेल. आणि आपणही धावपळीत असतो." मग ती उठून रोशनीकडे गेली. "तू मनाला लावून घेऊ नकोस गं. मी जरा जास्तच बोलले."

"मी पण बोलले, ताई," रोशनी म्हणाली.

यशश्री नाक पुसत उठली आणि "वहिनी, चहा मी टाकते," म्हणाली. खोटं उघडं पडूनही तिला कोणी काही बोललं नाही. तेवढा उदारपणा या घरात होता. स्वयंपाकघरातून कपांचा आवाज आला, आल्याचा वास आला. अमोल आणि बाळाजी द्राक्षबागांच्या छाटणीबद्दल बोलू लागले. सकाळपासून पहिल्यांदा कोणीतरी हसलं. विमलाबाईंना लेकरांचा जीव हलका झाला याचं बरं वाटलं, आणि त्याच वेळी कोणीतरी छातीवर दगड ठेवावा तसं झालं.

चहा आणून देणारा हात रोशनीचा होता. द्राक्षांचा हंगाम नव्हता, तरी तो हात त्यांनी ओळखला. त्यांनी कप घेताना तिचं मनगट धरलं.

"रोशनी, बस जरा."

रोशनी बसली नाही. वाकूनच, दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "आई, तेव्हाच सांगायचं होतं ना. सगळ्यांच्या पुढं मी किती ऐकून घेतलं. हे मला घरी येऊ नको म्हणाले, तवर तुम्ही गप बसलात."

"चुकलं माझं."

"हंगामात हजेरी बुडवून यायची मी, आई. मुकादम बोलायचा. गरज नव्हती तर कशाला पळवलंत मला?"

प्रश्न अखेर आला होता. विचारणारीही तीच होती जिला सांगावंसं सगळ्यात जास्त वाटत होतं. विमलाबाईंनी तोंड उघडलं. पण रोशनीला उत्तर नकोच होतं. तिने मनगट सोडवून घेतलं, बशी सरळ केली आणि ट्रे घेऊन आत गेली. तिचा राग खरा होता आणि रास्तही होता, म्हणून विमलाबाईंना तिला परत हाक मारता आली नाही.

चहा झाल्यावर बाळाजीने सभेचा शेवटचा विषय घेतला.

"नवे थेंब. यात पुन्हा घोळ नको. तीन घरं, तीन हात, आणि प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याला माहीत आहे. तर माझं म्हणणं असं आहे की आईचे थेंब आईनेच घालायचे. स्वतः. म्हणजे कोणाला विचारायचा प्रश्नच नाही."

"जमेल तिला?" यशश्री म्हणाली.

"न जमायला काय झालं? आत्ताच हात बसला पाहिजे. थोडं दिसतंय तोवर." आपण काय बोललो ते त्याच्याच लक्षात आलं. मग त्याने घाईने पुढे म्हटलं, "अमोल, तू फोनवर गजर लावून दे. बोलणारा. सकाळ-संध्याकाळ."

"लावतो. आईच्या उशाला ठेवायचा."

"आणि मी बाटलीला जाड दोरा गुंडाळून देते, हाताला कळायला," शैला म्हणाली.

सगळ्यांना ते पटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा घरात एकमत झालं होतं, आणि ते आईच्या भल्यासाठी होतं. त्यात कोणाच्याही मनात काळंबेरं नव्हतं. संध्याकाळच्या थेंबांची वेळ होईपर्यंत थांबायचं, आणि सगळ्यांच्या देखत आईला शिकवूनच आपापल्या घरी जायचं असं ठरलं.

आणि ती संध्याकाळ मोठी छान गेली. कोणीही पाहिलं असतं तर म्हणालं असतं, काय भाग्यवान म्हातारी आहे! तिन्ही लेकरं खुर्चीभोवती गोळा झाली होती. बाळाजीने मागे उभं राहून त्यांची मान दोन्ही तळव्यांत धरली. अमोल गुडघे टेकून समोर बसला आणि त्यांचा डावा हात हातात घेऊन त्याचं बोट त्यांच्याच पापणीखाली नेऊन ठेवलं. "असं ओढायचं, आई. हलकेच. खिसा होतो बघ तिथे. त्या खिशात टाकायचं." यशश्रीने बाटली त्यांच्या उजव्या हातात दिली आणि मुठीवर आपली मूठ ठेवली. "आणि कपाळावर हात टेकव, म्हणजे हलणार नाही. भिऊ नकोस." अण्णा गेल्यापासून इतके हात एकदम त्यांच्या अंगाला लागले नव्हते. बाळाजीचे तळवे अण्णांसारखे रुंद आणि ऊबदार होते, हे त्यांना आजच कळलं.

"आता आम्ही सोडतो," यशश्री म्हणाली. "तुझं तू घाल."

हात एकेक करून बाजूला झाले. विमलाबाईंनी बाटली डोळ्यावर धरली.

चुकवणं किती सोपं होतं. हात किंचित तिरका केला की झालं. थेंब गालावरून ओघळला असता, सगळे "अगं अगं" म्हणत पुन्हा जवळ आले असते, पुन्हा मान धरली असती. दोन-चार वेळा असं झालं की बाळाजी म्हणाला असता, नाही जमायचं तिला, कोणीतरी घालायलाच हवं. रोशनीलासुद्धा यावं लागलं असतं. रोशनी मागे दाराशी उभी होती, तिचा श्वास ऐकू येत होता.

त्यांनी एकदा खोटं सांगितलं होतं. त्याची किंमत त्यांनी स्वतः दिली होती आणि एका सुनेलाही द्यायला लावली होती. आता पुन्हा ते करायचं बळ त्यांच्यात नव्हतं. त्यांनी बाटली सरळ केली आणि दाबली.

थेंब नेमका डोळ्यात पडला. मग दुसऱ्या डोळ्यात.

"वा!" अमोल ओरडला. यशश्रीने टाळ्या वाजवल्या. "पहिल्या झटक्यात! दादा, पाहिलंस का?"

"अरे, आई कोणाची आहे!" बाळाजी म्हणाला. त्याने वाकून त्यांच्या खांद्यावर थाप मारली. "बघ, उगीच घाबरत होतो आपण. आता तुला कोणाचीही गरज नाही, आई."

"नाही रे बाबा," विमलाबाई म्हणाल्या. "आता कशाला लागतंय कोणी?"

त्यांनी डोळे मिटले. अमोलने मोटारसायकलची किल्ली शोधली, यशश्री गाडीची वेळ विचारू लागली, शैला कोणाच्या तरी डब्यात चिवडा भरत होती. दारात चपलांचा आवाज झाला. मग दार लोटलं गेलं आणि सगळे एकमेकांना पोचवायला खाली उतरले. जाता जाता बाळाजीने जिन्यातून सांगितलं, "पाच मिनिटं डोळे उघडू नकोस हं, आई."

विमलाबाईंनी उघडले नाहीत.